सही करण्याआधी
(बेंबळी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात एका आईनं घडी घातलेली झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. मुलगी सोळा वर्षांची, बॉक्सिंग शिकते. एक गृहस्थ तिला 'व्यावसायिक' करणार होते. मुदत पाच वर्षं. लढती किती, पैसे किती, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, याबद्दल एक अक्षर नाही. वडिलांची सही होऊन गेलेली. आईची तेवढी राहिली होती.

हौशी बॉक्सिंगमध्ये निवड चाचणी असते. हरली तरी मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा उतरते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तसं नाही. कुणाशी, कधी, किती पैशांत लढायचं हे बहुतेक वेळा लढत भरवणारा प्रमोटर ठरवतो. तिकिटं त्याची, टीव्हीचे हक्क त्याचे. करार त्याच्याशीच बांधलेला असेल तर दुसऱ्याकडे जाता येत नाही, आणि त्यानं लढतच लावली नाही तर उमेदीची वर्षं घरात बसून जातात. विजेंदर सिंग २०१५ साली इंग्लंडच्या प्रमोटरशी करार करून व्यावसायिक झाला. त्याच्या हाती ऑलिंपिकचं पदक होतं, तो घासाघीस करू शकत होता. या पोरीच्या हाती काय आहे?

अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावानं कायदा झाला. लढतीतून आपल्याला काय मिळतं ते प्रमोटरनं बॉक्सरला सांगायचं, असं त्यात आहे. आपल्याकडे बॉक्सरसाठी असा वेगळा कायदा नाही. पण १८७२ चा करार कायदा आहे. अठराच्या आतल्या मुलीनं केलेला करार हा करारच नव्हे, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणूनच तर आईबापाची सही मागतात!

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. ऊसतोडीचा कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल मात्र नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि फेडायला दोघांची पाठ. बाईला कुणी विचारलं होतं?

आई म्हणाली, "ताई, सही नाही केली तर पोरीचं खेळणं बंद होईल का?" मी म्हटलं, नाही, जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धा कुणा प्रमोटरच्या नाहीत. मग आम्ही दोघींनी बसून प्रश्न लिहून काढले आणि त्या गृहस्थांना पोस्टानं पाठवले. उत्तर अजून आलेलं नाही. वडील घरात बोलत नाहीत. मुलगी पहाटे सरावाला जाते.