निंदणीतली घोळ

अकोला-खंडवा रेल्वेमार्गावरचं तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, मेळघाटाच्या शेजारचं गाव. या पट्ट्यात पाऊस उघडला, वाफसा आला की निंदणी सुरू होते आणि निंदणाऱ्या बायकांच्या ओच्यात भाजी जमू लागते. त्यातली घोळ आणि चिवळ आज ओळखून घेऊ.

जमीन उकरलेली आणि ओलसर हवी, मग पाटाची कड असो की केळीची बाग, घोळ उगवतेच. देठ लालसर, गुळगुळीत, रसाळ. पानं जाड, टोकाला रुंद, बुडाशी निमुळती. फूल पिवळं, सकाळच्या उन्हात थोडाच वेळ उमलणारं. बोंड पिकलं की वरचं टोपण गळतं आणि आत बारीक काळं बी दिसतं. चिवळ तिची धाकटी बहीण: जमिनीला चिकटून पसरते, पानं समोरासमोर, पाकळ्या चार, पेरापेरावर पांढरी लव.

फसवते ती दुधी. तीही तिथंच, तशीच पसरलेली. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर टाकून द्या. घोळीतून नितळ पाणीच येतं. विषखापराही घोळीसारखाच मांसल, पण त्याच्या जोडीतलं एक पान मोठं, एक लहान, आणि फूल गुलाबी-पांढरं, पानाच्या बगलेत दडलेलं.

पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते, म्हणून तेव्हा पहाटे खुडलेली भाजी अधिक आंबट लागते. मका-उसाची अन्न तयार करण्याची रीत आणि निवडुंगाची ही रीत, दोन्ही घोळीच्या एकाच पेशीत चालतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं. एवढी कर्तबगार वनस्पती आपण तण म्हणून उपटतो!

मला काळजी आहे ती तणनाशकाची. फवारा आला की निंदणी जाते, आणि आईच्या मागे तासातून चालत लेक जे शिकायची तेही जातं. पुस्तकातलं चित्र पाहून देठ मोडायची सवय लागत नाही.

फवारलेल्या शेतातली किंवा गटाराकाठची घोळ घेऊ नका. मुतखड्याचा त्रास असेल तर बेतानं खा, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. बाकीच्यांनी कोवळे शेंडे खुडावेत, माती जाईपर्यंत धुवावेत, लसणाची फोडणी आणि भिजवलेली मूगडाळ घालून शिजवावेत. ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावी.