लायसन्सच्या पायऱ्या
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावरच सोडला. माझी सारी नोकरी मोटार वाहन निरीक्षक म्हणून गेली. परीक्षेच्या मैदानावर 'आठचा आकडा' काढणारी हजारो मुलं-मुली पाहिली. तेव्हा त्यावरच बोलतो, कारण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू किंवा नातवंड आहे आणि अंगणात मोटारसायकल उभी आहे.

आपण सायकल कशी शिकलो ते आठवा. आधी कैची, मग दांडीवरून, मग सीटवर, आणि डबलसीट सगळ्यात शेवटी. नियम कुणी लिहून दिला नव्हता, पण एक पायरी जमल्याशिवाय पुढची मिळत नव्हती. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र आपण पायऱ्याच काढून टाकल्या. नववीतला मुलगा थेट सव्वाशे सीसीच्या गाडीवर बसतो, मागे दोन मित्र घेऊन ट्यूशनला जातो, आणि आपण कौतुकानं म्हणतो, "पोट्टं काय गाडी चालवते!"

कायद्यात पायऱ्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही पालकाच्या संमतीनं. आपल्या वेळी लुना होती, तेव्हा या कलमाला अर्थ होता. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या वर आहेत. म्हणजे "बिनगिअरची आहे, चालते" हा समज चुकीचा. गिअरची मोटारसायकल, मोठी स्कूटर किंवा कार चालवायला अठरा पूर्ण हवीत. भाड्याच्या, मालवाहू गाडीला वीस.

अठरानंतरही पायऱ्या आहेतच. आधी शिकाऊ लायसन्स. त्यासाठी चिन्हं आणि नियमांची संगणकावर परीक्षा. हे लायसन्स सहा महिने चालतं. गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा आणि लायसन्सधारक शिकवणारा सोबत हवा. दुचाकीवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा.

आता आतली गोष्ट सांगतो. त्या चाचणीत आम्ही हात पाहतो, पाय पाहतो, इशारे पाहतो. पोराला गाडी वळवता येते का, ते पाच-सात मिनिटांत कळतं. पण रात्री समोरून ट्रकचा लाईट डोळ्यांवर आल्यावर तो गाडी हळू करेल का, मागचा मित्र "अजून पळव" म्हणाला तर ऐकेल का, हे कोणत्याही मैदानावर दिसत नाही. ते फक्त घरच्यांना दिसतं, आणि तेही सोबत बसलं तरच. म्हणून शिकाऊ लायसन्सचे सहा महिने हे कागदाचे नाहीत, बापाचे आणि आईचे आहेत.

न्यूझीलंडनं १९८७ मध्ये हेच ओळखलं. तिथं शिकाऊ आणि पक्कं यांच्यामध्ये एक मधली पायरी केली. त्या काळात मुलानं रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवायची नाही आणि मित्रांना घेऊन फिरायचं नाही. पुढं अमेरिकेतल्या राज्यांनीही असे टप्पे आणले. आपल्या कायद्यात ही मधली पायरी नाही. पण घरात करायला कुणाची मंजुरी लागत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं पालकांवरची जबाबदारी कडक केली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शिवाय अपघातात विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका हंगामाच्या कापूस-सोयाबीननं ती फिटत नाही.

पण मला भीती दंडाची वाटत नाही. अपघातातल्या गाड्या तपासून अहवाल देणं हेही आमचंच काम. पोलीस ठाण्याच्या आवारात वाकलेलं हँडल पाहत असताना बाजूला बाप उभा असतो. तो कायदा विचारत नाही. एवढंच म्हणतो, "साहेब, किराणा आणायलाच तर पाठवला होता." मी नोकरीत हे वाक्य बरेचदा ऐकलं. त्यावर माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं.

म्हणून चार गोष्टी मागतो. अठरा होईपर्यंत चावी पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. अठरा झाली की शिकाऊ लायसन्स काढा आणि यवतमाळच्या चाचणीआधी महिनाभर स्वतः सोबत जा, आधी मोकळ्या रस्त्यावर, मग बाजाराच्या दिवशी, मग दारव्हा रस्त्यावर. पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्ष रात्रीची गाडी नाही आणि मित्रांची ट्रिपलसीट नाही. आणि हेल्मेट आधी आपण घाला. पोरं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे पाहतात.

गुरुजनांना एक विनंती. दहावीच्या मुलांना निरोप देताना दोन शब्द याविषयीही सांगा. तुमचा शब्द आजही बापाच्या शब्दापेक्षा जड आहे, हे या सभागृहातला प्रत्येक जण मान्य करील.

आपण सगळे इतक्या वर्षांनी इथं भेटलो. आपली पोरंही अशीच म्हातारी होऊन, सगळीच्या सगळी, त्यांच्या मेळाव्याला यावीत, एवढंच मागणं.