काचेच्या जागी गवत



रात्रीच्या वर्गात आम्ही तुम्हाला शिकवतो, तशा तुमच्या गप्पाही ऐकतो. त्यात एक तक्रार नेहमीची असते. "नाक्यावरची पोरं फार माजलीत. कामधंदा नाही. दिवसभर टवाळी, रात्री मारामारी." मग कोणीतरी म्हणतो, "त्यांना फटकेच पाहिजेत." दुसरा म्हणतो, "अहो, हातात काम द्या, सुधारतील."

कोणाचे खरे? आज आम्ही उपदेश करणार नाही. एक घडलेली हकीकत सांगणार आहोत. ती ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

हकीकत आहे अमेरिकेतली, शिकागो शहरातली. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी जिथे भाषण केले, तेच हे शहर. त्याच्या पश्चिम भागात लॉनडेल नावाची वस्ती आहे. १९५० साली तिथे बहुतेक गोरे लोक राहत होते. मग काळ्या वर्णाची माणसे तिथे राहायला येऊ लागली. ती येताच गोरे भराभर निघून गेले. दहा वर्षांत सगळी वस्ती पालटली.

नव्याने आलेल्यांचे हाल फार. बँका त्यांना घरासाठी कर्ज देत नसत. मग दलाल त्यांना दुपटीच्या भावाने, हप्त्यांवर घर विकत. हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. एकेका घरात दाटीवाटीने बिऱ्हाडे राहत. शाळा अपुऱ्या, रोजगार कमी. घरात जागा नाही म्हणून पोरे रस्त्यावर.

रस्त्यावरच्या पोरांची टोळी झाली. १९५८ च्या सुमारास लॉनडेलची काही मुले सुधारगृहात होती. तिथेच त्यांनी टोळी काढली आणि तिला नाव दिले 'व्हाइस लॉर्ड्स'. लॉर्ड म्हणजे सरदार. व्हाइस म्हणजे वाईट चाल, दुर्गुण. पण असे सांगतात, की मुलांनी शब्दकोश उघडून पाहिला. त्यात त्यांना या शब्दाचा दुसरा अर्थ सापडला : पक्की पकड. तो त्यांना फार आवडला. पाहा, टोळी काढणाऱ्या पोरांनासुद्धा शब्दाचा अर्थ पुस्तकात शोधावासा वाटला!

सुधारगृहातून सुटल्यावर टोळी वाढत गेली. दुसऱ्या टोळ्यांशी हद्दीवरून भांडणे होत. चाकू चालत, पुढे बंदुकाही चालल्या. किती पोरे मेली, किती तुरुंगात गेली. सगळी एकाच रंगाची, एकाच गरिबीतली.

हळूहळू टोळीतली मोठी पोरे तिशीकडे आली. त्यांची लग्ने झाली, लेकरे झाली. त्यांना दिसू लागले, की आपण जे केले तेच आपली धाकटी भावंडे करताहेत. आपण मार खाल्ला, आता ती खाणार. 'हे थांबवायचे,' असे काहींनी मनाशी धरले. बॉबी गोर हा त्यांच्यापैकी एक पुढारी. तो बोलण्यात चतुर होता. पोरे त्याचे ऐकत.

याच सुमारास, जानेवारी १९६६ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग लॉनडेलमध्ये येऊन राहिले. गांधीजींचा मार्ग मानणारा हा नेता. गरिबांची घरे कशी असतात हे जगाला दिसावे, म्हणून त्यांनी तिथेच भाड्याची जागा घेतली. टोळ्यांतल्या पोरांशीही ते बोलले.

१९६७ साली डेव्हिड डॉली नावाचा एक गोरा तरुण तिथे आला. वस्तीतल्या तरुणांची पाहणी करायचे काम त्याच्याकडे होते. त्याने ते काम टोळीतल्याच पोरांना बरोबर घेऊन केले. पाहणी संपली, तरी तो तिथेच राहिला. कागदपत्रे कशी लिहायची, अर्ज कुठे करायचा, हे त्याने पोरांना दाखवले. त्याच वर्षी टोळीची रीतसर नोंदणी झाली. आता ती टोळी राहिली नाही, संस्था झाली. तिच्या नावात 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द होता. त्याचा अर्थ, जपून चालणारे.

१९६८ च्या आरंभी रॉकफेलर फाउंडेशनने १५,००० डॉलर दिले. पण एप्रिलमध्ये किंग यांचा खून झाला. लोक खवळले. शिकागोच्या पश्चिम भागात आगी लागल्या, दुकाने जळाली. अशा वेळी कोणीही म्हणाले असते, की आता सगळे संपले.

पण त्याच उन्हाळ्यात या पोरांनी हातात फावडी घेतली. सोळाव्या रस्त्याच्या आसपास अंगणांत बाटल्यांच्या फुटक्या काचा पडलेल्या असत. लहान मुलांचे पाय कापत. पोरांनी काचा उचलल्या, माती सारखी केली आणि गवत लावले. इंग्रजीत काचेला ग्लास म्हणतात आणि गवताला ग्रास. त्यावरून त्यांनी घोषणाच केली : ग्लास गेली, ग्रास आले.

काम एवढ्यावर थांबले नाही. त्यांनी आइस्क्रीमचे दुकान चालवले. मुलांना बसायला, खेळायला जागा केली. आफ्रिकी धाटणीच्या कपड्यांचे दुकान काढले. एका कलासंग्रहालयाच्या मदतीने चित्रकलेची शाळाच उघडली म्हणा ना. घरमालक भाडेकरूंना बाहेर काढत, तेव्हा ते भाडेकरूंच्या बाजूने उभे राहत. १९६९ साली दुसऱ्या टोळ्यांशी हात मिळवून त्यांनी बांधकामे रोखली आणि विचारले, "आमच्या वस्तीत इमारती बांधता, मग कामावर आमची माणसं का नाहीत?" कालचे वैरी एका रांगेत उभे राहिले.

आता कडू भाग सांगतो. तो लपवणे बरे नाही.

सगळीच पोरे सुधारली नव्हती. काहींची जुनी खोड गेली नव्हती. १९६९ साली शिकागोचे महापौर डेली यांनी टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारले. संस्था हा नुसता बुरखा आहे, असा संशय सरकारला होता. त्याच वर्षी बॉबी गोरला खुनाच्या आरोपावरून पकडले. त्याला शिक्षा झाली. 'मी निर्दोष आहे,' असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. देणग्या आटल्या. दुकाने एकेक करून बंद पडली. वस्तीतले मोठे कारखाने आणि कचेऱ्याही निघून गेल्या. मागे राहिलेल्यांत जुना धंदा पुन्हा फोफावला, त्यात अफूपासून केलेली विषारी पूड आली. व्हाइस लॉर्ड्स हे नाव पुन्हा गुन्ह्यासाठी ओळखले जाऊ लागले.

गोर १९७९ साली सुटला. तुरुंगातून सुटणाऱ्यांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेत तो नोकरीला लागला. २०१२ साली शिकागोच्या जेन ॲडम्स हल हाउस संग्रहालयाने त्या पोरांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. २०१३ साली गोर वारला.

मंडळी, मग सुरुवातीच्या भांडणात कोणाचे खरे? हातात काम द्या म्हणणाऱ्याचे खरे. पण ते अर्धेच खरे आहे. ज्यांनी बाटल्या फोडल्या त्यांनीच काचा उचलल्या, हे त्या वस्तीने डोळ्यांनी पाहिले. म्हणून कोणी पोर कायमचे वाया गेले असे म्हणू नये. पण गवत एकदा लावून भागत नाही, हे तुम्हा शेतकऱ्यांना आम्ही काय सांगावे? पाणी रोज लागते. तण रोज काढावे लागते. तिथे दोन-तीन वर्षांतच लोकांनी हात आखडता घेतला आणि तण आतूनही वाढले.

आपल्या नाक्यावरच्या पोरांची नावे तरी आपल्याला माहीत आहेत का? उद्या वर्गाला येताना एकाला हाक मारा. "चल रे, बाकं लावायला ये," असे म्हणा. आला तर परवाही बोलवा. नाही आला, तरीही परवा बोलवा.