रोप आजारी दिसले तर आधी मूळ पाहा
(शेडनेटमध्ये प्रथमच भाजीपाल्याची रोपे तयार करणाऱ्या शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी आपण गादीवाफ्यावर मिरची-टोमॅटोचे बी टाकत होतो. चार रोपे मेली तरी शेजारची उपटून लावता येत. आता संकरित बी मोजून विकत घ्यावे लागते आणि ट्रेच्या एकेका कप्प्यात एकेक टोकावे लागते. पाच फूट बाय दीड फूट अंतरावर टोमॅटो लावायचा तर एकरी सुमारे ५८०० रोपे लागतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे ६० ट्रे. नांग्या भरण्यासाठी चार-पाच ट्रे जादा धरावेत. यातील २० ट्रे पंधराव्या दिवशी पिवळे पडले, तर बियाण्याचा पैसा जातोच. शिवाय पुन्हा बी टाकून रोप तयार व्हायला २१ ते २५ दिवस लागतात आणि लागवड तेवढी मागे पडते. २०२०-२१ मध्ये राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना सुरू झाली. तेव्हापासून रोपवाटिकेकडे वळणारे नवे शेतकरी मला नेहमी भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रोपे पिवळी पडलीत, काय फवारू?"

माझे सांगणे असे, की लगेच काही फवारू नका. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक अशी तिन्ही औषधे एकदम मारली, तर मूळ कारण झाकले जाते आणि कोवळ्या पानावर औषधाचेच चट्टे पडतात. लहान रोपांच्या बहुतेक तक्रारी पाणी, क्षार आणि उजेड या तीन गोष्टींतून उद्भवतात. त्या ओळखायला दुकान लागत नाही, डोळे आणि हात पुरतात.

प्रथम सर्व ट्रेंवरून नजर फिरवा

सगळ्या ट्रेंतील रोपे सारखीच पिवळी असतील, तर दोष पाणी, खत किंवा कोकोपीटचा असण्याची शक्यता अधिक. एका ठिकाणापासून गोल चकत्यासारखी रोपे मरत चालली असतील, तर तो रोग समजावा. केवळ कडेच्या कप्प्यांतील रोपे सुकत असतील, तर तेथे वारा जास्त लागतो आणि झारीचे पाणी कमी पडते, एवढेच त्याचे कारण असते.

नंतर रोप काढून मूळ पाहा

कप्पा खालून दाबून दोन आजारी आणि एक चांगले रोप कोकोपीटच्या गड्ड्यासह अलगद बाहेर काढा. पांढरी, केसाळ मुळे निरोगी समजावीत. मुळे तपकिरी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखा भाग राहत असेल, तर मूळकूज झाली आहे.

कोकोपीट मुठीत दाबा. बोटांतून पाण्याची धार लागली तर पाणी जास्त झाले. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि हाताला फक्त ओल लागली तर योग्य. भुरभुरून पडले तर कमी. ओल भरपूर असूनही रोप माना टाकत असेल, तर मुळांना हवा मिळत नाही असे समजा. अशा वेळी पुष्कळजण आणखी पाणी देतात आणि रोप हातचे घालवतात. पाणी थांबवा, ट्रे जमिनीवरून उचलून विटांवर किंवा मांडणीवर ठेवा आणि तळाची छिद्रे मोकळी करा. पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी पाने ओली राहू देऊ नयेत.

खोड कोकोपीटच्या पातळीला मऊ, पाणचट आणि बारीक होऊन रोप आडवे पडत असेल, तर तो रोप कोलमडण्याचा रोग होय. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे तो होतो आणि जास्त ओलीत झपाट्याने पसरतो. आडवी पडलेली रोपे कप्प्यातील कोकोपीटसह काढून दूर नष्ट करावीत. उरलेल्या रोपांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून ओतावे. बी टाकताना ट्रायकोडर्मा दिले असेल, तर ताम्रयुक्त औषधाने ते मरते. म्हणून दोन्ही एकत्र देऊ नयेत.

क्षार तपासा

कोकोपीट नारळाच्या सालीपासून होते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम व पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. त्यात बोअरचे मचूळ पाणी आणि वरून विद्राव्य खत पडले, की पानांचे शेंडे व कडा करपतात, रोप खुजे राहते आणि कोकोपीटवर पांढरा थर दिसतो. ही लक्षणे खताच्या कमतरतेची समजून खत वाढवले तर रोप जळते. उपाय साधा आहे : खत बंद करून चांगल्या पाण्याने ट्रे धुवावा, तळातून पाणी निथळू द्यावे. पुढच्या वेळी कोकोपीट दोन-तीन वेळा धुऊन, विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आणि सामू ५.५ ते ६.५ असल्याची खात्री करूनच वापरावे. पाण्याचा नमुनाही हंगामापूर्वी तपासून घ्यावा.

कोणते पान पिवळे आहे?

खालची जुनी पाने एकसारखी फिकट होत असतील तर नत्र कमी पडते आहे. उगवणीनंतर खरी पाने आली की १९:१९:१९ हे खत प्रति लिटर २ ग्रॅम या प्रमाणात द्यावे व आठवड्याने पुन्हा द्यावे. वरचे कोवळे पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बहुधा पाण्याचा सामू जास्त असतो. थंडीत टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळी दिसते, कारण गार मुळांना स्फुरद उचलता येत नाही. ऊब मिळाली की ती सुधारते.

उजेड आणि किडी

बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात. कोंब दिसताच ते त्याच दिवशी पसरावेत. एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळसर, लांबट आणि लुळी होतात. हे लांबलेले खोड खताने परत आखूड होत नाही.

मिरचीची पाने वरच्या बाजूला वळत असतील तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळत असतील तर कोळी. भिंगाने पानाची खालची बाजू पाहून खात्री करा. कोळ्यांसाठी वेगळे औषध लागते. पाने अरुंद, पट्टीसारखी, पिळवटलेली असतील आणि कीड एकही नसेल, तर पंपाची चौकशी करा. उसात २,४-डी मारलेल्या पंपाने रोपांवर फवारणी केली, तर असे होते. रोपवाटिकेचा पंप वेगळाच ठेवावा.

विषाणूवर औषध नाही. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे-नाशिक भागातील टोमॅटोत काकडी मोझॅक विषाणू आढळला होता; तो मावा पसरवतो. म्हणून कीडरोधक जाळी फाटकी असू नये, दार उघडे राहू नये. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना स्पर्श करू नये; तंबाखूतील मोझॅक विषाणू हातावरून रोपात जातो. हात साबणाने धुऊनच आत जावे.

एका वेळी एकच उपाय

कारण ठरल्यावर उपाय आधी दोन ट्रेंवर करा, खूण लावा आणि तीन दिवस थांबा. जुने पिवळे पान हिरवे होईलच असे नाही. नवे येणारे पान कसे आहे ते पाहा. दररोज पाणी, खत व फवारणी वहीत लिहून ठेवा.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात या. येताना फक्त पान तोडून आणू नका. दोन आजारी आणि एक निरोगी रोप मुळासकट, ओल्या कागदात गुंडाळून आणा. बाटलीभर पाणी आणि ती वहीही आणा. त्यावरून सांगणे आम्हाला सोपे जाते आणि तुमचा नाहक खर्च वाचतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.