गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट

आज आम्ही हप्त्यांबद्दल बोलणार नाही. नाताळ जवळ आला आहे, म्हणून मुलांना सांगायच्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या बचत गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. गेल्या डिसेंबरच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, तशा त्या बोलल्या. त्यांचा मुलगा तिसरीत. वर्गातल्या पोरांनी त्याला विचारलं, "तुमचा सण इंग्रजांचा ना?" त्याला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आईला म्हणाला, "यंदा दारात चांदणी लावू नको." ताईंनी मोबाईलवर गोष्ट दाखवली, तर तीही इंग्रजीत. स्वतः सांगायला बसल्या, तर प्रार्थनेतले मोठे शब्द तोंडात येऊ लागले. मुलानं विचारलं, "तारणारा म्हणजे कोण?" आणि त्या अडल्या.

आम्हीही गप्प बसलो. त्यांच्या घरून येणारा केक आणि करंज्या खाण्यापलीकडे आम्हाला तरी काय ठाऊक होतं? मग आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की ही कथा मराठीत चारशे वर्षांपासून आहे. फादर स्टीफन्स नावाचे इंग्लंडचे धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 साली छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे: मुलांना धर्माचे धडे दिले जात असताना एक गृहस्थ म्हणतात, आम्हाला वाचायला आमच्या भाषेत एखादं पुराण असावं. म्हणजे आमच्या ताईंची अडचण चारशे वर्षं जुनी!

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. कवी नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. 1919 साली ते वारले, काम अर्धंच राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या या बाईनं चौसष्ट अध्याय लिहिले. मग आपण मुलांना एक गोष्ट सांगू शकणार नाही का?

नाताळापूर्वीच्या चार रविवारांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. आगमन म्हणजे येणं. ताईंनी गोष्टीचे तसेच चार भाग केले.

पहिल्या रविवारी वचन. बाळाच्या जन्मापासून सुरुवात करू नका, वाट पाहण्यापासून करा. गणपतीला मुंबईहून बाबा येणार म्हणून पोरं दिवस मोजतात, ते त्यांना कळतं. यहुदी लोक तशीच शेकडो वर्षं वाट पाहत होते. यशया, मीखा या संदेष्ट्यांनी सांगितलं होतं की सोडवणारा येईल. मीखानं गावही सांगितलं, बेथलेहेम. त्या नावाचा अर्थ भाकरीचं घर. आणि तारणारा कोण? ताईंनी सांगितलं, "2021 साली चिपळूणच्या पुरात लोक घरावर अडकले होते, तेव्हा होडी घेऊन आला तो. येशू माणसाला पापातून तसा सोडवतो, अशी आपली श्रद्धा." मुलाला लगेच कळलं.

दुसऱ्या रविवारी मरीया. नासरेथ गावची, लग्न ठरलेली साधी मुलगी. गब्रीएल दूत निरोप घेऊन आला तेव्हा ती घाबरली, तिनं प्रश्न विचारला, मग हो म्हणाली. मुलींना हे जरूर सांगा, की तिनं प्रश्न विचारला होता. योसेफ सुतार होता, त्यानं तिला सोडलं नाही.

तिसऱ्या रविवारी प्रवास. रोमच्या बादशहानं शिरगणती काढली, म्हणून दोघं बेथलेहेमला निघाली. वाट शंभर किलोमीटरहून जास्त, म्हणजे रत्नागिरीहून चिपळूणच्याही पुढे. आणि मरीयेचे दिवस भरत आलेले.

चौथ्या रविवारी जन्म. उतारशाळेत जागा नव्हती. बाळाला गव्हाणीत ठेवलं. आपल्या पोरांना गव्हाण समजवावी लागत नाही. पहिली बातमी मिळाली ती रात्री शेतात जागणाऱ्या मेंढपाळांना. पुढे पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे आले. त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिला. गंधरस म्हणजे आपण बाळंतिणीला देतो तो हिराबोळ! हेरोद राजानं बाळं मारली, हा भाग लहानग्यांना लगेच सांगू नका. बाळाला घेऊन आईबाप रातोरात मिसरला गेले, एवढं पुरे. मोठं झाल्यावर मूल स्वतः विचारतं.

ताईंनी चौथा भाग सांगितला तेव्हा आम्ही तिथे होतो. मुलानं विचारलं, "त्यांना कुणीच घरात का नाही घेतलं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्या बैठका पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी होतात. ताईंच्या घरी मात्र सहा वर्षांत एकदाही झाली नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी चला असंही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही त्यांच्या घरात बसलो होतो, तेही गोष्टीच्या निमित्तानं. त्या पोराला उत्तर काय द्यायचं, ते आम्हाला सुचलं नाही.

पुढची बैठक ताईंच्या ओट्यावर झाली. आता त्यांची पाळी वहीत लिहिलेली असते. चांदणी त्या मुलानं स्वतः लावली, आणि कुणी विचारलंच तर तो ही गोष्ट मराठीत सांगतो.

मैत्रिणींनो, तुमच्या घरची गोष्ट असेल तर मुलांना आपल्या बोलीत सांगा, थोडी थोडी सांगा, प्रश्न विचारू द्या. शेजारणीच्या घरची असेल तर मुलांना घेऊन ऐकायला जा. ऐकल्यानं कुणाचा धर्म बदलत नाही, शेजार मात्र पक्का होतो. आणि घरी गेल्यावर गटाची वही उघडून बघा, कुणाच्या घरची पाळी राहून गेली आहे का.