कपाशीचें पाणी



आम्ही शाळामास्तर असलों, तरी शेतकऱ्याच्याच घरचे. म्हणून स्पष्ट बोलतों. पाळी आली म्हणून आपण कपाशीला पाणी सोडतों. पिकाला तहान आहे कीं नाहीं, हें पाहत नाहीं.

वीतभर खोल उकरून माती मुठींत दाबा. गोळा झाला तर थांबा. भुगा झाला तर पाणी द्या. पातीं लागतांना, फुलांत व बोंडें भरतांना ताण पडूं देऊं नका; पडला तर पातीं-बोंडें गळतात. पण काळ्या रानांत पाणी तुंबलें तर मुळांचा श्वास कोंडतो, आणि गळ तीच होते. पाणी थोडें असेल, तर एकाआड एक सरी भिजवा. उरलेल्या पुढच्या पाळीला. बोंडें फुटूं लागलीं कीं पाणी तोडा.

असें वांचलेलें पाणी पाटाच्या शेवटच्या भावाला मिळेल. २००५ सालीं महाराष्ट्रांत कायदा होऊन कालव्याच्या पाण्याचें वाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याची सोय झाली. त्या सभेंत शेवटच्या शेतवाल्यानेंही बसावें व हिशेब विचारावा. पाणी हें कोणाचें वतन नव्हे.