उमेदवारीचा आकडा



वैशाखात खाली शहाद्याला अंगाची काहिली होत असताना आपण सारे सुमारे ११५० मीटर उंचीवर, यशवंत तलावाच्या वाऱ्यात बसून व्याख्यान ऐकावयास जमला आहात, यात व्याख्यानाचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, हे आम्ही ओळखून आहो. म्हणून विषयही जड घेतलेला नाही. विषय पैजेचा आहे. निवडणुकीच्या आधी, विद्यमान आमदार-खासदारांपैकी कितीजणांची उमेदवारी त्यांचाच पक्ष कापणार, यावर जी पैज लागते, तिच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम आमचाच गुन्हा कबूल करतो. २०१९ साली विधानसभेची निवडणूक आली तेव्हा शहाद्याच्या एका हॉटेलात आम्ही एका अडत्या मित्राशी एक किलो जिलेबीची पैज मारली. शहाद्याचे आमदार होते भारतीय जनता पक्षाचे उदेसिंग पाडवी. २०१४ साली हजारांच्या आत असलेल्या मताधिक्याने ते निवडून आले होते. मित्र म्हणाले, "गुरुजी, हे तिकीट जाणार." आम्ही म्हणालो, "शेठ, निवडून आलेल्या माणसाला कोण काढतो? राहणार." यथाकाल यादी आली. उमेदवारी उदेसिंग पाडवींना नव्हती. ती त्यांचे चिरंजीव राजेश पाडवी यांना होती! आता सांगा, तिकीट गेले की राहिले? शेठ म्हणाले, गेले; माणूस बदलला. आम्ही म्हणालो, राहिले. घर तेच आहे. पुढे वडील काँग्रेसमध्ये गेले आणि नंदुरबारातून विजयकुमार गावितांविरुद्ध उभे राहिले, हरले. मुलगा शहाद्यातून निवडून आला. एवढे झाल्यावर 'घर तेच' हा आमचा मुद्दा लंगडा पडला हे खरे, तरी जिलेबीचा निकाल अद्याप लागलेला नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पैजेचे पहिले तत्त्व असे की, काय घडले म्हणजे कोण जिंकला, हे आधीच स्पष्ट असले पाहिजे. आमच्या राजकारणात नेमके तेच स्पष्ट नसते. जळगावचे पाहा. २०१९ च्या लोकसभेला विद्यमान खासदार ए. टी. पाटील यांची उमेदवारी गेली आणि स्मिता वाघ यांचे नाव जाहीर झाले. ज्याने वाघांवर पैसे लावले त्याने त्या रात्री पेढे वाटले असतील. काही दिवसांत तेही नाव बदलले आणि उन्मेष पाटील उभे राहिले, निवडून आले. २०२४ साली उन्मेष पाटलांचे तिकीट कापले गेले आणि ते मिळाले कोणाला? स्मिता वाघांना. त्या जिंकल्या, उन्मेष पाटील दुसऱ्या पक्षात गेले. केळीच्या घडाचा भावसुद्धा इतका उलटसुलट होत नाही.

ही पैज मुळात अमेरिकेतली. तेथे पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवीत नाहीत. पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत मते टाकून ठरवितात. विस्कॉन्सिन राज्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तसा कायदा केला आणि ती पद्धत देशभर पसरली. तेथे बसलेल्या माणसाला पाडणे सोपे नाही. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद. २०२४ साली त्यांपैकी प्राथमिक निवडणुकीत पडले अवघे चार. त्यांतही अलाबामातला एक दुसऱ्या विद्यमान सभासदाकडूनच हरला, कारण मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या. पण पडतो तेव्हा मोठाही पडतो. २०१४ साली बहुमत पक्षाचे गृहातले नेते एरिक कँटर यांना अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने हरविले. आम्ही मास्तर लोक त्या दिवशी उगीचच ताठ चाललो. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये जो क्रौली या जुन्या सभासदाला अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ या तरुणीने घरी बसविले. मग असे किती पडतील यावर तेथे भाव निघतात आणि लोक पैसे लावतात.

आता यात फरक कोठे आहे तो पाहू. तुम्ही आम्ही खानदेशची माणसे, तेव्हा तापीचा दाखला घेऊ. या वर्षी पाऊस किती पडेल, हा एक अंदाज. तो चुकेल, पण मागली वर्षे पाहून, वारे पाहून, पाऊस मोजणाऱ्याला काही धोरण बांधता येते, कारण पाऊस थेंबाथेंबाने पडतो आणि कोणा एकाच्या हुकमाने पडत नाही. प्रकाशाच्या बंधाऱ्याची दारे उद्या सकाळी उघडतील काय, हा दुसरा अंदाज. तेथे आभाळाकडे पाहून उपयोग नाही. दार ज्याच्या हुकमाने उघडते त्याच्याशी ओळख पाहिजे. अमेरिकेतली ती पैज पावसाची आहे. आमची दाराची आहे. तेथे प्रत्येक जागेचा निकाल हजारो माणसे वेगवेगळा लावतात, म्हणून एकूण आकडा बहुधा थोडका राहतो. आमच्याकडे एका बैठकीत चार माणसे ठरवितात, आणि गठ्ठ्याने ठरवितात. २०१७ साली दिल्लीच्या महापालिकांत भारतीय जनता पक्षाने एकाही विद्यमान नगरसेवकास उमेदवारी दिली नाही, आणि तरी तो जिंकला. २०१९ साली महाराष्ट्रात एकनाथ खडसे, विनोद तावडे, प्रकाश मेहता, चंद्रशेखर बावनकुळे ही मंत्रिपदे भोगलेली नावे एकाच यादीच्या हंगामात गळाली. खडसे तर १९९० पासून निवडून येत होते. त्यांच्या जागी कन्येला उभे केले आणि ती थोडक्या मतांनी पडली. हा आकडा गणिताने सांगणार कसा? तो ज्याला आधी कळला त्यालाच कळला.

आणि जेथे एकाला आधी कळलेले असते, तेथे पैज ही पैज राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने विहिरीच्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेले पैसे एका आमदाराच्या तिकिटावर लावले. आमदार दोनदा त्याच्या बांधावर येऊन चहा पिऊन गेला होता, एवढ्या भरवशावर. ज्याने पैसे घेतले त्याला मुंबईहून बातमी आली होती. पैसे गेले. त्या उन्हाळ्यात पपईची बाग करपली, आणि त्याची बायको आमच्या घरी येऊन काही न बोलता बसून राहिली. कायद्याकडे जावे तर १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम म्हणते, पैजेचा करार रद्दबातल. मुंबई इलाख्यात १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली. तरी सट्टा चालतोच. ज्या मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावावर आकडा खेळला गेला, आणि ते भाव येईनासे झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून खेळला गेला, तेथे निमित्ताला तोटा पडत नाही. कापूस मात्र आमच्याच काळ्या जमिनीत पिकत होता!

दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक सलते. भाव नुसता अंदाज सांगून थांबत नाही. 'अमक्याचे तिकीट जाणार, भाव पडला' अशी बोली उठली की कार्यकर्ते पाय मागे घेतात, आणि वरचे पुढारी म्हणतात, पाहा, याच्यामागे कोणी नाही. ज्याने त्याच्या पडण्यावर पैसे लावले, त्याच्या पदरी ती बोली उठविण्याचे कारण आपोआपच येते.

मग अमेरिकेची रीत येथे आणावी काय? प्रयोग झालेला आहे. २०१४ च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसने काही मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडले. आपल्या राज्यात वर्ध्यात आणि लातूरात ते झाले. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी व कार्यकर्ते, सर्वसामान्य लोक नव्हेत. वर्ध्यात निवडले गेले सागर मेघे, तेथील विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. लातूरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही पुढे मोठ्या फरकाने हरले. लाट उलटी होती, हे मान्य. दोष त्या रीतीचा म्हणता येणार नाही. परंतु पक्षाने तो प्रयोग मुळे धरेपर्यंत चालविला नाही. विद्यमान माणूस जाऊन पुन्हा मुलगाच आला, तर आमचे शेठ आणि आम्ही पुन्हा जिलेबीवरून भांडणार!

काल संध्याकाळी तलावाकाठी एक पावरा म्हातारबाबा भेटले. हा भाग अक्राणी तालुक्याचा, मतदारसंघ अक्कलकुवा. विधानसभेच्या यादीत क्रमांक एकचा, जिल्ह्यातल्या चारही जागांप्रमाणे अनुसूचित जमातींसाठी राखीव. येथून के. सी. पाडवी वर्षानुवर्षे निवडून आले आणि २०२४ साली आमश्या पाडवींकडून हरले. म्हातारबाबांनी दोघांनाही पाहिलेले. आम्ही उद्या कशावर बोलणार ते त्यांनी विचारले, आम्ही सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, मत आम्ही देतो ते कळलं. तिकीट कोण देतं?"

आम्ही मुंबई-दिल्लीची रीत सांगितली. मग अमेरिकेची सांगितली, की तेथे आधी आपल्याच पक्षाचे लोक मत देतात, उभे कोणी राहावयाचे ते ठरवितात. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले.

"आणि त्यात जो पडला, तो पुढे काय करतो?"

आम्ही म्हणालो, बहुतेक राज्यांत कायदाच असा आहे की, तेथे पडलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या नावाने मतपत्रिकेवर येता येत नाही. घरी जावे लागते.

"घरी?" म्हातारबाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "मग पुढारी त्या गावात कोण होत असेल, बाबा!"